फोटोच्या पाठीवर नाव कोण लिहिणार?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या घरी महालक्ष्म्या उभ्या होत्या. आदल्या दिवशी जेवण झालेलं. सोळा भाज्या, आंबील, पुरण. पाहुणे हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलेले. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. गादी खालून ओली लागली तेव्हा लोकांना जाग आली. आधी मुखवटे उचलले, मग सासूबाईंना, मग गॅसचं सिलिंडर. फोटोंचे अल्बम दिवाणाच्या पोटात होते. आपल्याकडे ते तिथेच असतात, जुन्या रजयांच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात. त्यांची आठवण तिसऱ्या दिवशी आली.

मी गेलो तेव्हा ती गच्चीवर बसून एकमेकांना चिकटलेले फोटो नखाने सोलत होती. सोललेल्या प्रत्येक फोटोचा चेहरा वरच्या फोटोच्या पाठीला चिकटून निघत होता. "थांब बाप्पा, सोलू नको," म्हणून मी परात मागवली, थंड पाण्यात गठ्ठा बुडवून ठेवला. फोटोच्या वरच्या थरात जिलेटीन असतं. ते ओलं झालं की डिंकासारखं धरतं आणि सुकताना घट्ट बसतं, म्हणून सुकलेला गठ्ठा कधी ओढायचा नाही. स्वच्छ पाण्यात पुन्हा भिजवायचा, आपोआप सुटू द्यायचा, मग एकेक फोटो चेहरा वर ठेवून सुती कापडावर पसरायचा. उन्हात नाही, सावलीत. हे सगळं दीड-दोन दिवसांच्या आत केलेलं बरं, नाहीतर बुरशी धरते; तेवढा वेळच नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकलं तरी थोडी सवड मिळते. आम्हाला उशीर झाला होता. तरी निम्मे वाचले.

कोणते वाचले आणि कोणते गेले, हे बघत मी त्या गच्चीवर दोन संध्याकाळ घालवल्या आणि हा लेख खरं म्हणजे तिथेच सुरू झाला. काळ्या जाड कागदाच्या, कोपऱ्यांत फोटो अडकवलेल्या जुन्या अल्बममधले कृष्णधवल फोटो चिखलातून धुऊन निघाले. १९८५ नंतरचे रंगीत फोटो, ते पारदर्शक प्लॅस्टिकखाली चिकट पट्ट्यांवर दाबलेले, प्लॅस्टिकच्या आत चिखल कोंडून बसले होते. त्यांतले बरेच पाण्याच्या आधीच नारिंगी पडलेले. आणि तिच्या लेकीच्या लग्नाचा अल्बम, ज्याला आपले फोटोग्राफर लोक करिझ्मा म्हणतात, पुठ्ठ्याच्या जाड पानांचा, मागे स्वित्झर्लंडचे डोंगर आणि पुढे कळमेश्वर रोडच्या लॉनवरची वरात असा, तो पावासारखा फुगला होता. सगळ्यांत महाग तोच होता.

लेक शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मामा, माझे सगळे फोटो वाचले. गूगलवर आहेत." खरं होतं तिचं. एकही गेला नव्हता.

मग तिची आई रडत कशासाठी होती? माझ्या मावशीच्या, म्हणजे तिच्या आईच्या, सात-आठ फोटोंसाठी. मावशी जाऊन वीस वर्षं झाली. तिचे मोबाइलमध्ये फोटो असण्याचा प्रश्नच नव्हता. ते फोटो मिळाले, पण त्या गच्चीवर नाही. माझ्या आईच्या ट्रंकेत मिळाले, मामाच्या घरी मिळाले, दोन अकोल्याच्या आत्याबाईंकडे. कारण काकाजींकडे, म्हणजे मावशीच्या यजमानांकडे, बडोद्याला तयार होणारा तो आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. रोल पुरवून पुरवून वापरायचा, धुवायला टाकायचा आणि बरा आलेला फोटो असेल तर त्याच्या चार प्रती काढून चार घरी द्यायच्या, अशी त्यांची पद्धत. पोस्टाने पाठवताना पाठीवर पेन्सिलीने लिहायचे : कोण, कुठे, कोणत्या निमित्ताने. आईच्या ट्रंकेतल्या फोटोच्या पाठीवर मावशीचं नाव होतं आणि खाली 'रामटेक, त्रिपुरी पौर्णिमा, १९६८'. फोटो टिकवण्यासाठी काकाजींनी वेगळं काहीच केलं नव्हतं. वाटले होते, एवढंच.

माझं म्हणणं हेच आहे, आणि ते मला नुसतं घरगुती वाटत नाही. आपण आठवणी जपण्याच्या नावाखाली साठवण करतो आहोत, वाटप बंद झालं आहे. 'शेअर' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा वापरणाऱ्या पिढीत वाटप बंद झालं म्हणणं विचित्र वाटेल, पण बघा. काकूला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तिच्याकडे राहत नाही. तो तिच्या मोबाइलच्या पोटातून 'गुड मॉर्निंग'च्या गुलाबांबरोबर वाहून जातो आणि मेमरी भरली की गुलाबांबरोबरच पुसला जातो. वर पाठवतानाच तो दाबून लहान केलेला असतो. छापायला गेलं तर नाकडोळे विरघळलेले दिसतात. दिलं, पण हातात काही पडलं नाही.

क्लाउडबद्दल थोडक्यात. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. ज्यांनी वेळेवर फोटो उतरवून घेतले नाहीत त्यांचे कॉलेजचे दिवस तिथेच राहिले. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली, आता १५ जीबीनंतर भाडं. आणि दोन वर्षं उघडलं नाही तर खातंच पुसण्याचा अधिकार गूगलने स्वतःकडे घेतला आहे. डिसेंबर २०२३ पासून तो अमलात आला. आता विचार करा, माणूस गेल्यावर त्याचं खातं दोन वर्षं कोण उघडतो? पासवर्ड कुणाला माहीत असतो? आजोबांच्या ट्रंकेला कुलूप असलं तर ते फोडता यायचं. इंटरनेट उभारणाऱ्यांपैकी एक, व्हिंट सर्फ, यांनी २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं की जे फोटो खरंच मोलाचे वाटतात ते छापून ठेवा. ते स्वतः तेव्हा गूगलमध्येच कामाला होते, हे लक्षात घेण्यासारखं.

पण भाचीला मी हे सगळं ऐकवलं नाही. पुरानंतर महिनाभर तिच्या आईला जुना फोटो दाखवून "हे कोण?" विचारणारी तीच होती. तिच्या मोबाइलमध्ये एकवीस हजार फोटो आहेत. मी तिला म्हटलं, तुझ्या आईचा एक चांगला फोटो काढून दाखव. ती वर-खाली, वर-खाली बोट फिरवत राहिली. सापडले चाळीस-पन्नास, सगळ्यांत आई मागे कुठेतरी वाढताना, नाहीतर डोळे मिटलेली, आणि एकात अर्धी. शेवटी ती म्हणाली, "निवडायला पाहिजेत ना." आईचं म्हणणं वेगळंच, "मला कायले निवडतं? मी तं सगळ्यातच हाये."

निवडणं हे कष्टाचं काम आहे आणि ते आपण टाळतो. बारा फोटोंचा रोल होता तेव्हा निवड आधी व्हायची, बटण दाबण्याच्या आधी. आता ती नंतर करावी लागते, आणि नंतर कधी येत नाही. म्हणूनच मला हाताने बनवलेलं पुस्तक, कार्ड, घडीचा अल्बम, काहीही, मोलाचं वाटतं. हाताच्या कामात जागा अपुरी असते. बारा पानं कापली, शिवली, की तेरावा फोटो बसत नाही. मग बसून ठरवावं लागतं की कोणता ठेवायचा, आणि ठरवताना माणसं भांडतात, आठवतात, खोडून काढतात. आमच्या घरी एका फोटोवरून तासभर वाद झाला की ती साडी मावशीची की आईची. ती आजीची निघाली.

इथे 'क्राफ्ट' या प्रकाराबद्दलही बोललं पाहिजे, कारण सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानांत आता त्याची वेगळी मांडणीच असते. एक्स्प्लोजन बॉक्स, क्विलिंगच्या पट्ट्या, चकचकीत टेप, सोनेरी अक्षरांत इंग्रजी स्टिकर. मुली फार मन लावून करतात, आणि मला त्यांची थट्टा करायची नाही. रुखवतात कागदाची तुळस, मोर आणि सप्तपदी मांडणाऱ्या आपल्या आत्या-मावश्यांच्याच त्या वारसदार. पण त्यातली बरीच कला दोन वर्षांत स्वतःला आणि फोटोलाही संपवते. गरम बंदुकीचा गोंद नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, मऊ पडतो. चिकट टेपचा डिंक पिवळा होऊन फोटोत उतरतो. चमकी जिलेटीनवर ओरखडे पाडते. जेल पेनची शाई समोरच्या पानावर उमटते. आणि इतकं सगळं करून त्यावर लिहिलेलं काय असतं, तर 'बेस्ट मेमरीज'. कुणाच्या? कधीच्या? पंचवीस वर्षांनी ती खोकी उघडणाऱ्याला सजावट दिसेल, माणूस ओळखू येणार नाही.

फोटोला साध्या चार गोष्टी पुरतात. आम्लरहित कागद, कागदी कोपरे, मऊ पेन्सिल आणि कोरडी जागा. बॉलपेनने पाठीवर लिहिलं तर अक्षर पुढच्या बाजूला उमटतं; टू-बी पेन्सिलीने, फोटो काचेवर ठेवून, हलक्या हाताने लिहायचं. चिकटवायचंच झालं तर मैद्याची खळ. बुकबाइंडर तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. वहीला ठीक, फोटोच्या जवळ तो नको, तांब्याचा क्षार कागद खातो. कोरड्या जागेची गोष्ट नागपुरात जरा अवघड आहे. आपल्याला वाटतं की आपली हवा कोरडी, फोटोला उत्तम. पण उन्हाळ्याचे तीन महिने आपण ज्या खोलीत कूलर लावतो ती खोली दिवसरात्र ओल्या खसाच्या वाऱ्यात असते, आणि अल्बमचं कपाट नेमकं त्याच खोलीत. मग कसर लागते. कपाट बदला, एवढंच सांगतो. कूलर बदला म्हणण्याइतका मी वेडा नाही.

कागदाचं तर आपल्या विदर्भाला नव्याने शिकवायला नको. बाजारात मिळणारा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन राहिलं की उजेडात तो पिवळा पडतो, कडक होतो, वर्तमानपत्र महिनाभर उन्हात राहिलं की होतं तसं. कापसाच्या चिंध्यांपासून केलेला हातकागद मात्र पिढ्यान्पिढ्या टिकतो. जुन्नरचा कागद, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद, यांच्यावर लिहिलेल्या पोथ्या आज दोन-तीनशे वर्षांनी उलगडता येतात. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं ठाणं वर्ध्याच्या मगनवाडीत, कारभार अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांकडे, आणि तिथे ज्या उद्योगांवर खटपट झाली त्यांत हातकागद होता. वर्धा आपल्यापासून ७५ किलोमीटरवर. चहूकडे कापूस. होजियरीच्या कारखान्यांतली कात्रणं रद्दीच्या भावात जातात. तीच कात्रणं बीटरमध्ये कुटली, लगदा हौदात सोडला, जाळीच्या साच्यावर उचलला, कापडावर उलटला, दाबला, वाळवला की कागद. इतक्या जवळ असून नागपुरातल्या नवऱ्या मुलीला लग्नाच्या अल्बमसाठी हातकागदाची पानं मागाविशी वाटत नाहीत, कारण फोटोग्राफरने ती कधी दाखवलेलीच नसतात. तो तिला डोंगरांचे नमुने दाखवतो.

पोथीवरून आठवलं. आपल्याकडे एखादं काम मोडीत काढायचं असलं की ते 'बासनात गुंडाळलं' म्हणतात. बासन बिचारं बदनाम झालं. लाल सुती कापडाचं ते बासन, वरखाली लाकडी फळ्या, मध्ये सुटी पानं, यानेच त्या पोथ्या कीड, धूळ आणि उजेडापासून वाचवल्या. मला तर फोटोंसाठी यापेक्षा चांगली रचना सुचत नाही. पानं सुटी, त्यामुळे एक भिजलं तर सगळी फुगत नाहीत. एखादं काढून भावाला देता येतं. नवं घालता येतं. पूर आला तेव्हा बासन असतं तर ते खांद्यावर टाकून गच्चीवर नेता आलं असतं. दिवाणाचं झाकण उघडायला दोघं लागतात.

आता घराबाहेर येतो, कारण ज्या गोष्टीवरून मी चिडतो ती घराबाहेरची आहे.

१ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. सव्वाशे वर्षं तिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराची घड्याळं चालली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, जेव्हा देशात असा विचारही फारसा कुणाच्या मनात आला नव्हता. २००२ मध्ये मिल बंद झाली. आज तिथे त्याच नावाचा मॉल आहे. शहरात या सव्वाशे वर्षांचं काय उरलं? मालकांचे पुतळे आणि तैलचित्रं आहेत. हजेरीच्या वह्या कुठे गेल्या ते विचारू नका. खात्यातल्या माणसांचे चेहरे मात्र एकाच ठिकाणी आहेत, त्यांच्या नातवंडांच्या भिंतींवर आणि ट्रंकांमध्ये. निवृत्तीच्या दिवशी हार घालून काढलेला ग्रुप फोटो. मिलच्या क्रिकेट टीमचा फोटो. संपाच्या मोर्चातला, कुणीतरी बाजूने काढलेला, हललेला.

माझे आजोबा तिथे कताई खात्यात होते. त्यांच्या ग्रुप फोटोत सेहेचाळीस माणसं आहेत, चार रांगांत, पुढे खुर्चीवर साहेब. पाठीवर एकच नाव आहे. साहेबाचं. ते स्टुडिओवाल्याने सुंदर अक्षरात लिहिलेलं आहे.

नाव कोणाचं लिहायचं हा प्रश्न साधा नाही. बायकांच्या फोटोंचंही तेच. 'सौ. देशमुख', 'वहिनी', 'शेजारीण', फार तर 'भाऊच्या लग्नात आलेल्या'. माहेरचं नाव कुठेच नाही, त्यामुळे लग्नाच्या आधीचे त्यांचे फोटो आणि नंतरचे फोटो ही दोन वेगळी माणसं होऊन बसतात. आणि कित्येक घरांत फोटोच नव्हता. पाचपावलीच्या, इंदोऱ्याच्या गल्ल्यांमध्ये अशी घरं आहेत जिथे आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे मतदार ओळखपत्रावरचा, तोच मोठा करून त्याला चंदनाचा हार. जुन्या अल्बमचं कौतुक करताना ही गोष्ट विसरू नये. काकाजींचा क्लिक थ्री ही सरकारी नोकरीतल्या माणसाची चैन होती.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसं बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला जमली. त्या दिवसाचे व्यासपीठाचे फोटो जगाने पाहिले आहेत. समोर बसलेल्या, पांढरे कपडे घालून आलेल्या त्या गर्दीतल्या माणसांची नावं कोणत्या फोटोच्या पाठीवर आहेत? त्यांतले जे तेव्हा वीस वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. वाचण्याची आणि जपण्याची एवढी भूक असलेल्या समाजाला पेन्सिल आणि हातकागद दिला तर तो काय करून दाखवेल याची मला फार उत्सुकता आहे. पण हे देणार कोण?

महापालिकेचं उत्तर मला माहीत आहे. सेल्फी पॉइंट. मोठ्या अक्षरांत शहराचं नाव, मागे रंगीत दिवे, पुढे उभं राहून फोटो काढा. मी स्वतः काढला आहे, नाही म्हणत नाही. पण तो फोटो नागपूरचा नाही, अक्षरांचा आहे. अक्षरं बदलली की तोच फोटो रायपूरचा होईल. आणि दुसरं उत्तर आलं तर ते 'डिजिटायझेशन' असेल. म्हणजे कुणीतरी ठेका घेईल, फोटो स्कॅन होतील, एका वेबसाइटवर जातील आणि ठेका संपला की वेबसाइट बंद पडेल. स्कॅन करू नये असं मी म्हणत नाही. दुसरी प्रत म्हणून स्कॅन उत्तम. पण नुसतं स्कॅन म्हणजे पुन्हा दिवाण, फक्त तो दुसऱ्याच्या घरात.

माझी मागणी लहान आहे. शहरात वस्त्यावस्त्यांत महापालिकेची आणि संस्थांची वाचनालयं आहेत. त्यांतली बरीच आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका झाली आहेत, आणि त्यात गैर काही नाही, पोट्टे अभ्यास करतात. तिथे एक कपाट, एक टेबल आणि रविवारचे दोन तास मिळावेत. त्या वस्तीतल्या लोकांनी आपले जुने फोटो घेऊन यावं. फोटो द्यायचा नाही, दाखवायचा. तिथेच त्याची प्रत काढायची, हातकागदाच्या पानावर कोपऱ्यांत बसवायची आणि शेजारी त्यांच्याच तोंडून, त्यांच्याच बोलीत, कोण आहे ते लिहायचं. मूळ फोटो घरी परत. वस्तीची अशी एक पोथी तयार होईल. तिची एक प्रत वाचनालयात, दुसरी सरकारी अभिलेखागारात, तिसरी अजब बंगल्यात. १८६३ पासून तिथे शिलालेख, नाणी आणि पेंढा भरलेले प्राणी जपून ठेवलेत. त्यांच्या शेजारी कताई खात्याची चार पानं बसली तर इमारत खचणार नाही.

आणि शाळा. कार्यानुभव नावाचा विषय अजून आहे. त्यात मुलं काय करतात हे प्रत्येक पालकाला माहीत आहे, कारण ते पालकच करतात, रात्री अकरा वाजता, नाहीतर दुकानातून तयार आणतात. त्याऐवजी आठवीच्या मुलाने वर्षात एक पुस्तक करावं. बारा पानं, बारा फोटो, हाताने शिवलेलं. अट एकच, की प्रत्येक फोटोतल्या प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव हवं आणि ते शोधण्यासाठी त्याने घरातल्या किंवा गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलेलं हवं. घरात फोटो नसेल तर आज काढायचा. आजीचा, दळणवाल्याचा, गल्लीच्या तोंडावरच्या तर्री-पोहेवाल्याचा. तर्री-पोह्याच्या एका प्लेटमध्ये दोन-तीन प्रिंट निघतात, त्यामुळे खर्चाचं कारण कुणी सांगू नये. गुण सजावटीला द्यायचे नाहीत. ही शेवटची अट मी मुद्दाम घालतो, कारण ती नसली तर मार्चमध्ये सीताबर्डीला 'आठवीचा रेडिमेड अल्बम' मिळायला लागेल.

कुणी म्हणेल, सगळंच जपायचं कशाला? बरोबर आहे. जपण्याचा हव्यास मलाही नको. आपल्याच शहरात मारबत निघते. तान्ह्या पोळ्याला, १८८० च्या दशकापासून, महालात आणि इतवारीत. बांबू, कागद, चिंध्या यांचे ते बडगे, म्हणजे पुतळे, पोरं रात्र-रात्र जागून बनवतात, त्यावर महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळं लिहितात, 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' ओरडत मिरवतात आणि जाळून टाकतात. इतकं कसबाचं कागदकाम, आणि त्याचा जन्म जळण्यासाठी. ते कुणी संग्रहालयात ठेवू लागला तर मी विरोध करीन. पण त्या वर्षी बडग्यावर काय लिहिलं होतं आणि ते कुणी बनवलं, याचा एक फोटो आणि चार नावं तरी असावीत. दरवर्षी हजारो लोक मारबतीचे फोटो काढतात. बनवणारी पोरं त्यात पाठमोरी असतात.

जागेचा प्रश्न मला मान्य आहे, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ट्रंका मावत नाहीत. बारा पानांची पोथी पंचांगाइतकी जागा घेते. लोकांनी आपले घरचे फोटो चारचौघांत का दाखवावे, हा प्रश्न जास्त खरा आहे. दाखवायचे नसतील त्यांनी दाखवू नयेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत आपल्या पणजोबांची सही सापडते तेव्हा आपल्याला कुणी आपलं खाजगी उघडं पाडलं असं वाटत नाही, गहिवरून येतं. कारण ती सही त्यांनी स्वतः केलेली असते. जे स्वतःहून दिलं तेवढंच ठेवायचं.

पुरानंतरच्या दिवाळीत मी मावशीची पोथी केली. बारा फोटो. कागद हातकागद, शिवण माझी, त्यामुळे वाकडी. नावं आईने सांगितली आणि मी पेन्सिलीने लिहिली. दोन ठिकाणी तिने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की काल सांगितलेलं चूक होतं, तर तिथे खोडून पुन्हा लिहिलं आहे. सात प्रती केल्या, सात घरांसाठी. आजोबांच्या ग्रुप फोटोचंही काम चालू आहे. सेहेचाळिसांपैकी अकरा नावं लागली. त्यांतली तीन एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात लागली, तिथल्या म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवून, फोटो नाकाजवळ धरून सांगितलं, "हा दुसऱ्या रांगेतला ना जी, हा माह्या बावाचा जोडीदार. नाव लिहा, चूक लिहू नका. ळ आहे त्यात."

मावशीच्या सहा प्रती पोचल्या. पुण्याच्या भाच्याला सातवीबद्दल कळवलं तर तो म्हणाला, "मामा, कुरिअरचा खर्च कशाला, स्कॅन करून पाठव ना." ती प्रत बासनात बांधून माझ्या टेबलावर आहे. मे महिन्यात तो येणार आहे, तेव्हा हातात देईन.